आजोबांचा संगणक आणि नवा प्रिंटर

आमच्या उणकलच्या घरात दोन संगणक आहेत. एक माझा लॅपटॉप आणि दुसरा आजोबांचा डेस्कटॉप, विंडोज ७ वर चालणारा. आजोबा चर्चच्या गायनवृंदात होते. त्यांनी रचलेली आणि स्वतः टाइप केलेली मराठी भक्तिगीतं त्याच डेस्कटॉपमध्ये आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यांच्या वर्षाच्या मिस्साला या गीतांची छोटी पुस्तिका वाटायची, असं आजीनं ठरवलं. बाबांनी वाय-फायचा प्रिंटर आणला आणि पुढचं काम माझ्या गळ्यात पडलं. "एवढं शिकतेस ना गं, मग कर की!" इति आजी.

मला वाटलं, सोपं आहे. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवर उघडली. पाहते तर गीताच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता गोंधळ! कारण आजोबांनी टाइप केलं होतं श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फाइलमध्ये फक्त क्रमांक साठतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकाला तिथे इंग्रजीच दिसतं. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून आज आपला मराठी मेसेज कुठल्याही फोनवर नीट उघडतो.

छपाईची सोय नसली की मराठी अडते, हे काही नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. आमच्याकडे अक्षरं होती, पण ती जुन्या संगणकात अडकली होती. तेव्हा नवा प्रिंटर जुन्या संगणकालाच जोडायला हवा होता. दोन संध्याकाळी खटपट करून जे कळलं, ते इथे क्रमानं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे वाय-फायचा प्रिंटर संगणकाला जोडायचाच नसतो, तो राउटरला जोडायचा. संगणकही त्याच राउटरला जोडलेला असला की झालं. राउटर हा गल्लीतला पोस्टमन, कागद कुणाकडे द्यायचा ते तो बघतो. त्यामुळे संगणकाला वाय-फाय नसलं तरी बिघडत नाही. आजोबांच्या डेस्कटॉपला नव्हतंच, मी लॅनची केबल राउटरपर्यंत ओढली. दोन ठिकाणी मात्र फसायला होतं. घरगुती वापराचे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात, ५ चं त्यांना दिसतच नाही. आणि प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' नेटवर्कवर जोडला, तर राउटर सहसा त्याला घरातल्या संगणकांशी बोलू देत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. राउटर प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. पण हा पत्ता कायमचा नसतो. आमच्याकडे लाइट गेली, परत आली, आणि काल चालणारा प्रिंटर आज 'ऑफलाइन'! राउटरनं त्याला नवा पत्ता दिला होता आणि संगणक जुन्याच दारावर थाप मारत होता. उपाय असा : राउटरच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा. प्रिंटरचा सध्याचा पत्ता त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये किंवा त्यानं छापलेल्या माहितीच्या पानावर मिळतो.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची, म्हणजे संगणकाला प्रिंटरची भाषा शिकवणाऱ्या प्रोग्रॅमची. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा विंडोज ७ साठीचा ड्रायव्हर आहे का ते पाहा. आपलं विंडोज ३२ बिटचं की ६४ बिटचं, तेही तपासा. मग 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स'मध्ये 'अ‍ॅड अ प्रिंटर' निवडा. प्रिंटर यादीत आपोआप दिसला नाही तर 'लोकल प्रिंटर' हा पर्याय घ्या. नाव उलटं वाटतं, पण रस्ता तोच. पुढे 'क्रिएट अ न्यू पोर्ट', त्यात 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', आणि मग राखून ठेवलेला पत्ता, इंग्रजी आकड्यांत.

जुना ड्रायव्हर मिळालाच नाही तर? जुन्या संगणकावरच फाइलची पीडीएफ करा. वर्ड २०१० मध्ये 'सेव्ह अ‍ॅज'मध्येच ती सोय आहे. पीडीएफमध्ये सहसा फॉन्टही सोबत जातो, म्हणून ती नव्या लॅपटॉपवरून छापता येते. आधी एक पान मात्र तपासून घ्या. आमचा ड्रायव्हर मिळाला, तरी मी सगळ्या गीतांची पीडीएफ करून तीन ठिकाणी ठेवली.

एक सावधगिरी. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. म्हणून काम झाल्यावर मी राउटरमधून त्या डेस्कटॉपचं इंटरनेट बंद केलं. छपाई घरातल्या घरात होते, तिला इंटरनेट लागत नाही.

पहिलं पान बाहेर आलं तेव्हा आजी शेजारीच उभी होती. तिसऱ्या कडव्यात एक वेलांटी चुकली होती. मी दुरुस्त करायला वळले तर म्हणाली, "राहू दे. त्यांचीच आहे ती." राहू दिली.

तुमच्या घरी असा एखादा जुना संगणक कोपऱ्यात पडला असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा सुरू करून बघा. आत कुणाचं तरी हस्तलिखित असेल.