रुग्णालयातील वीजतंत्री

मे महिन्याच्या अखेरीस उमरेडला वळवाचा पाऊस येतो, तो एकटा येत नाही. आधी धुळीचे लोट उठतात, मग कडुनिंबाच्या फांद्या विजेच्या तारांवर आदळू लागतात आणि पाहता पाहता साऱ्या गावावर काळोख पसरतो. 'लाईन गेली, लाईन गेली' असा मुलांचा गलका गल्लोगल्ली उठतो. आजी मेणबत्ती शोधू लागते. थोड्या वेळाने वीज परत येते आणि आपण सारे विसरून जातो.

परंतु त्याच क्षणी रुग्णालयात काय चालले असेल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? शस्त्रक्रियेच्या टेबलावर एखादा रोगी बेशुद्ध पडला असेल व शल्यवैद्याच्या हातात शस्त्र असेल. एखाद्या खोलीत नुकतेच जन्मलेले, दोन किलोही वजन नसलेले मूल विजेच्या उबेवर जगत असेल. कोणाचा श्वास यंत्राच्या साह्याने चालला असेल. तेथे लाईन जाऊन चालत नाही. ती जाऊ नये, आणि असताना तिने कोणाचा घात करू नये, हे पाहणारा एक माणूस प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असतो. त्याला वीजतंत्री म्हणतात. डॉक्टर व परिचारिका यांना रोगी ओळखतात. या माणसाचे नाव बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

वीज आपल्याकडे येते कोठून? उमरेडच्या मुलांना हे सांगावयास नको. आपल्या गावच्या उघड्या खाणींतून कोळसा निघताना तुम्ही पाहिलाच असेल. असाच कोळसा जाळून नागपूरजवळच्या कोराडी व खापरखेडा येथील केंद्रांत पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोरावर जनित्रे फिरवितात. तेथून निघालेली वीज गावापर्यंत येताना टप्प्याटप्प्याने सौम्य केली जाते व घरात २३० व्होल्टच्या दाबाने पोचते. ही वाट लांबची आहे. वाटेत एखादी फांदी पडली, तरी ती तुटते.

म्हणून रुग्णालयात विजेची दुसरी व तिसरी सोय ठेवावी लागते. श्वास देणाऱ्या यंत्रासारखी जी साधने एक पळही थांबता कामा नयेत, त्यांच्यामागे बॅटऱ्यांचा संच असतो. बाहेरची वीज जाताच तो भार उचलतो. यंत्राला वीज गेल्याचे कळतही नाही. तोवर डिझेलवर चालणारे जनित्र आपोआप सुरू होते आणि काही सेकंदांत दिवे, पंखे व लशींची शीतपेटी यांना वीज देऊ लागते. हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात जनित्र सुरू होण्यासाठीही एक बॅटरी लागते. ती उतरलेली असली, तर टाकीभर डिझेल असूनही जनित्र हलत नाही. यास्तव चांगला वीजतंत्री दर आठवड्याला ते चालवून पाहतो, डिझेल मोजतो आणि वहीत नोंद करतो. जे जनित्र महिनोन्‌महिने कोणी चालवून पाहिलेले नाही, ते माझ्या मते जनित्र नव्हेच; तो लोखंडाचा ढीग होय.

आता विजेच्या धक्क्याविषयी. येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी एका शाळेत मुख्याध्यापक असताना कचेरीत एक पत्र्याचा कूलर होता. विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलरवाचून भागत नाही. एप्रिलच्या एका दुपारी आमचे शिपाई त्यात पाणी ओतावयास गेले आणि त्यांचा हात पत्र्याला जणू चिकटूनच राहिला. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. एक तरुण शिक्षक त्यांना ओढण्यासाठी धावले, तोच दुसऱ्यांनी 'हात लावू नका!' असे ओरडून भिंतीवरचे मुख्य बटण बंद केले. शिपाई खाली कोसळले, पण वाचले. त्यांना हात लावला असता, तर ते शिक्षकही त्याच प्रवाहात सापडले असते.

नंतर वीजतंत्र्याने येऊन पाहिले. कूलरच्या प्लगला तीन दांड्या हव्या होत्या. कोणीतरी दोन दांड्यांचा प्लग बसविला होता व तिसरी, हिरवी तार कापून टाकली होती. तो प्लग मी रोज पाहत होतो. भाषेतील एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक माझ्या नजरेतून सुटत नसे, आणि ही सुटली!

ती हिरवी तार कशासाठी असते? यंत्राच्या आतील तार झिजून पत्र्याला टेकली, तर साऱ्या पत्र्यात वीज उतरते. हिरवी तार त्या पत्र्याला जमिनीशी जोडून ठेवते. मग ही चुकार वीज माणसाच्या देहातून न जाता त्या सोप्या वाटेने जमिनीत जाते. प्लगची तिसरी दांडी इतर दोहोंपेक्षा लांब व जाड असते, हे तुमच्या ध्यानात आले असेल. लांब अशासाठी, की प्लग लावताना ती सर्वांच्या आधी जोडली जावी व काढताना सर्वांच्या मागून सुटावी. जाड अशासाठी, की ती चुकीच्या छिद्रात शिरूच नये. या तारेचे दुसरे टोक इमारतीबाहेर एका खड्ड्यात पुरलेल्या नळीला वा पत्र्याला जोडलेले असते. त्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरतात, कारण ओलसर, खारट जमिनीतून वीज सहज जाते. पण उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळते. मग खड्डा कोरडा पडतो आणि वीज त्या वाटेने जाईनाशी होते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते.

'पण फ्यूज असतो ना?' असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात आणि अँपिअरच्या हजाराव्या भागाला मिलिअँपिअर म्हणतात. साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह देहातून गेला, तर मुंग्या आल्यासारखे वाटते. १० ते २० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळले जातात व धरलेली वस्तू सोडवत नाही; आमच्या शिपायांचे झाले, ते हेच. १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाचा ठोका बिघडून प्राण जाऊ शकतो. आता पाहा, ६० वॉटचा जुना काचेचा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे जेवढ्या विजेने एक दिवा पेटतो, तिच्या निम्मीही माणसाचा जीव घेण्यास पुरेशी आहे. आणि ५ अँपिअरचा फ्यूज ५००० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहिल्यावाचून वितळत नाही! फ्यूज तारांना वाचवितो, माणसाला नव्हे. माणसाला वाचविण्यासाठी 'ईएलसीबी' नावाचा खटका बसवितात. गेलेली वीज व परतलेली वीज यांचा तो सतत हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरची तूट आली, की डोळ्याचे पाते लवण्याआधी प्रवाह तोडतो.

रुग्णालयात मात्र हा हिशेब आणखी नाजूक होतो. आपली कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते. पण रोग्याची कातडी घामाने वा औषधाने ओली असते, बेशुद्ध माणूस हात झटकू शकत नाही, आणि कित्येकदा एखादी बारीक नळी थेट हृदयापर्यंत घातलेली असते. अशा रोग्याला मिलिअँपिअरचा अल्पसा अंशही घातक ठरू शकतो.

शस्त्रक्रियेच्या खोलीत तर एक कोडेच उभे राहते. घरात दोष निर्माण झाला, की वीज तोडावी हे उत्तम. परंतु पोट उघडलेल्या रोग्याच्या डोक्यावरचा दिवा व श्वासाचे यंत्र खटक्याने बंद पाडले, तर? तोडावी तरी संकट, न तोडावी तरी संकट. या कोड्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी मोठ्या युक्तीने दिले आहे. एरवी विजेच्या दोन तारांपैकी एक रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. म्हणूनच दुसरीला हात लावणाऱ्याच्या देहातून वीज जमिनीत शिरते व आपल्या उगमाकडे परतते. शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी एक वेगळे रोहित्र बसवितात आणि त्यातून निघणारी कोणतीच तार जमिनीला जोडत नाहीत. आता एखादी तार पत्र्याला टेकली, तरी विजेला परतीची वाटच उरत नाही. प्रवाह वाहत नाही, दिवा विझत नाही. फक्त भिंतीवरची घंटा वाजते. शस्त्रक्रिया शांतपणे पूर्ण होते, आणि मग वीजतंत्री दोष शोधावयास लागतो. उशीर मात्र चालत नाही, कारण तशात दुसरा दोष आला, तर हे संरक्षण संपते.

दोष वेळेवर सापडला नाही, तर काय होते, हे आपल्या शेजारच्या भंडारा शहराने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. ७ बालकांना बाहेर काढता आले, १० दगावली. त्यांतील तिघांना आगीने गाठले, सात जण धुराने गुदमरले. आगीचे कारण विजेचे शॉर्टसर्किट असल्याचे चौकशीत सांगण्यात आले. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांची तपासणी करण्याचे आदेश निघाले.

अशा कक्षात ठिणगी अधिक भयंकर का ठरते? तेथे प्राणवायू वापरतात. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात चादर, कापूस, तारेवरचे प्लास्टिक ही सारी भराभर पेट घेतात. उबेची यंत्रे रात्रंदिवस चालतात, त्यामुळे त्यांच्या तारा कधी थंड होत नाहीत. जोड किंचित सैल झाला, की तो तापतो. तापला, की आणखी सैल होतो. एकाच सॉकेटवर चार यंत्रे लावली, तर हेच लवकर घडते. म्हणून वीजतंत्री वॉर्डातून फिरताना प्लगवर हात ठेवून पाहतो, जळका वास येतो का ते हुंगतो. विजेच्या आगीवर तो पाणी टाकीत नाही; आधी वीज तोडतो आणि मग कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वापरतो.

त्याचे स्वतःचे प्राणही याच कामात पणाला लागलेले असतात. बिघडलेल्या भागाचे काम हाती घेताना तो प्रथम त्या भागाची वीज बंद करतो, खटक्याला कुलूप घालतो आणि 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी लावतो. तरीही तो तारेवर विश्वास ठेवीत नाही. तपासणीचा दिवा आधी चालू तारेवर लावून तो पेटतो ना, हे पाहतो. मग बंद तारेवर लावतो. आणि पुन्हा एकदा चालू तारेवर. कारण दिवाच बिघडला असेल, तर जिवंत तारही त्याला मेलेली भासेल. एवढे झाल्यावर तो रबरी चटईवर उभा राहून काम सुरू करतो. कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात असते. काम संपेपर्यंत ती तो कोणालाही देत नाही, मग मागणारा रुग्णालयाचा सर्वांत मोठा अधिकारी का असेना.