रोपवाटिका टाकताय? आधी शंभर बिया मोजा!

भाजीपाल्याची रोपवाटिका टाकायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, शेडनेटला खर्च किती? पण तुमचा नफा-तोटा आधी ठरतो तो बियाण्याच्या पाकिटात.

टोमॅटोचं उदाहरण घेऊ. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण पुरते. तुम्हाला मात्र शेतकऱ्याला रोपं मोजून द्यायची आहेत. समजा, १०,००० रोपांची ऑर्डर आहे:

- १०० बियांमागे विकण्याजोगी ८० रोपं मिळाली, तर १२,५०० बिया आणि ९८ कप्प्यांचे १२८ प्रोट्रे लागतील.
- ७०च मिळाली, तर १४६ प्रोट्रे.

जादा बियाणं, कोकोपीट, मजुरी, सगळं तुमच्या खिशातून!

म्हणून प्रत्येक लॉटची घरीच चाचणी घ्या.

१. १०० बिया ओलसर कागदी टॉवेलवर रांगेत मांडा, गुंडाळी करून उबदार जागी ठेवा. कागद सुकू देऊ नका, पाणीही साचू देऊ नका.
२. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, चौदाव्या दिवशी शेवटची. मूळ नसलेलं किंवा वेडंवाकडं रोप धरू नका.
३. लॉट नंबर, तारीख आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

आता महत्त्वाचा मुद्दा. समजा, दोन लॉटची शेवटची उगवण ९० टक्केच आली. पण पाचव्या दिवशी एकात ७५ बिया उगवल्या होत्या, दुसऱ्यात ४०. कोणता घ्याल? डोळे झाकून पहिला. हाच बियाण्याचा जोम.

कारण बघा. पेरणीनंतर आपण ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकतो. मागे राहिलेल्या बियांसाठी झाकण ठेवलं, तर आधी उगवलेली रोपं अंधारात लांबट, पिवळट होतात. लवकर काढलं, तर मागच्या बियांची ऊब आणि ओलावा जातो. कसंही करा, ट्रे एकसारखा निघत नाही. आणि शेतकरी ट्रे हातात घेतल्यावर आधी तेच बघतो. त्याचा अख्खा हंगाम त्या रोपावर उभा असतो. एकदा फसला, की परत तुमच्या दारात येत नाही.

शेवटचा हिशेब: चाचणीला १४ दिवस, रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस. म्हणजे लागवडीच्या तारखेआधी किमान दीड महिना बियाणं तुमच्या हातात हवं. ऑर्डर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: "दादा, लागवड कधी?"