झाकली मूठ, दोनशे कोटींची

लोधी रस्त्यावरील सीजीओ संकुलात इलेक्ट्रॉनिक्स निकेतन नावाची इमारत आहे. माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा कारभार तेथून चालतो आणि सायबर हल्ल्यांची नोंद घेणारी ‘सर्ट-इन’ ही २००४ पासूनची यंत्रणाही तेथेच आहे. हल्ला झालेल्या प्रत्येक कंपनीने सर्वप्रथम या यंत्रणेचे दार ठोठवावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. संकटात सापडलेल्या व्यवस्थापनाचा स्वाभाविक कल मात्र उलट असतो. आधी वकिलाला विचारावे, मग जनसंपर्क अधिकाऱ्याला बोलवावे आणि जमल्यास कुठेच काही बोलू नये! झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या व्यापारी शहाणपणाचे जुने सूत्र. संगणकाच्या जगात ते खोटे ठरत आले आहे. तरीही दिल्लीत तयार झालेले कायदे कळत-नकळत याच सूत्राला खतपाणी घालत आहेत. नवउद्योगांना उत्तेजन आणि कंपन्यांच्या पतीचे रक्षण या दोन धोरणांची गाठ जिथे पडते, तो प्रश्न हाच आहे.

आधी आपला अनुभव पाहू. २०१६ च्या ऑक्टोबरात देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती चोरीस गेल्याची शक्यता उघड झाली आणि बँकांनी ग्राहकांना कार्ड बदलण्याचे वा सांकेतिक क्रमांक बदलण्याचे संदेश धाडले. एटीएम व्यवहार हाताळणाऱ्या एका सेवा कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरली होती. हा शिरकाव त्याच वर्षी मे ते जुलै या काळात झाला होता, हे नंतर स्पष्ट झाले. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार प्रत्यक्ष तक्रारी ६४१ ग्राहकांच्या आणि गेलेली रक्कम सुमारे १ कोटी ३० लाख रुपये होती. बँकिंग व्यवहारांच्या मानाने ही रक्कम किरकोळच म्हणायची. परंतु लाखो ग्राहकांच्या मनात शंकेचे जे बीज पडले, ते या रकमेमुळे नव्हे. ‘हे आम्हाला इतक्या उशिरा का कळले?’ या प्रश्नामुळे ते पडले.

याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवावे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत सायबर दरोडा पडला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन हल्लेखोरांनी खोटी मंजुरी यंत्रणा उभी केली. बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून अडीच कोटी काढण्यात आले आणि शेवटच्या दिवशी ‘स्विफ्ट’ संदेशाद्वारे हाँगकाँगमधील खात्यात सुमारे १४ कोटी वळते झाले. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने उत्तर कोरियावरील २०१९ च्या अहवालात या दरोड्याचाही उल्लेख केला. म्हणजे पुण्यातील एका सहकारी बँकेसमोरचा संशयित हा नुसता भुरटा चोर नव्हता.

बँकेने पोलिसांत तक्रार नोंदवली आणि १४ ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, पत्रकारांसमोर येऊन काय घडले आणि किती गेले ते सांगितले. पैसा बँकेचा गेला आहे, ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, हेही सांगितले. सहकारी बँकेच्या बाबतीत अफवा उठली की दारात रांगा लागतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. कॉसमॉस त्या संकटातून तरली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना शिक्षाही सुनावली. बँकेची सुरक्षा अभेद्य नव्हती, हे उघडच आहे. परंतु पत राखली ती तत्काळ बोलण्याने.

परदेशातील दोन उदाहरणेही हेच सांगतात. ‘उबर’ कंपनीच्या ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती २०१६ मध्ये चोरीस गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले आणि वर्षभर मौन पाळले. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना तिला १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले आणि २०२२ मध्ये तिच्या माजी सुरक्षाप्रमुखाला न्यायालयाने दोषी ठरवले. याउलट मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या ‘नॉर्स्क हायड्रो’ या ॲल्युमिनियम कंपनीचे संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले, तेव्हा तिने खंडणी नाकारली, कारखाने जमेल तेथे हाताने चालवले आणि त्याच दिवसापासून जाहीरपणे माहिती दिली. पहिली कंपनी लपवाछपवीचे उदाहरण म्हणून आणि दुसरी पारदर्शीपणाचे म्हणून आजही सांगितली जाते.

मग भारतीय कायदा कोणाला बक्षीस देतो? सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्येच २ ते ६ तासांची मुदत घातली होती. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ‘सेबी’च्या २०२३ मधील दुरुस्तीने सायबर घटनांचा तपशील तिमाही अहवालात देणे भाग पडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण नियमांनी माहितीची गळती झाल्यास संबंधित व्यक्तींना आणि संरक्षण मंडळाला विनाविलंब सूचना, तसेच मंडळाला ७२ तासांत तपशील देण्याचे बंधन घातले असून, त्यासाठी १८ महिन्यांचा अवधी ठेवला आहे. प्रत्येक बंधन स्वतंत्रपणे पाहिले तर योग्यच आहे. पण आग लागलेल्या घराच्या मालकाने चार कार्यालयांत चार वेगळे अर्ज भरावेत, असा हा प्रकार आहे.

खरी मेख दंडाच्या कोष्टकात आहे. २०२३ च्या कायद्यानुसार सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गळतीची सूचना न दिल्यास ही मर्यादा २०० कोटींची आहे. लपवणारा पकडला गेला तर दोन्ही दंड लागू शकतात, हे खरे. परंतु जो स्वतःहून सांगतो, तो २५० कोटींच्या चौकशीला आपल्या पायांनी सामोरा जातो आणि जो गप्प बसतो, तो न पकडले जाण्याचा जुगार खेळतो. कायद्याने जुगाऱ्यालाच आशा दाखवावी, हे विपरीत आहे. दंड ठरवताना नुकसान कमी करण्यासाठी वेळेत केलेली कृती विचारात घ्यावी, अशी तरतूद कलम ३३ मध्ये आहे. मात्र स्वेच्छेने व तातडीने दिलेल्या सूचनेबद्दल ठोस सवलतीची हमी त्यात नाही. शिवाय दंडाची रक्कम सरकारच्या संचित निधीत जमा होणार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ अ नुसार पीडित व्यक्तीला भरपाई मागता येत होती, तेही कलम नव्या कायद्याने रद्द करण्याचे ठरवले आहे.

नवउद्योजकाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक बिकट आहे. मोठी कंपनी एखादा हल्ला आणि एखादा दंड पचवू शकते. दहा-पंधरा जणांच्या कंपनीला दोन्हींपैकी एकही पचत नाही. ‘स्टार्टअप इंडिया’ची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये झाली आणि वित्तीय क्षेत्रातील नव्या कल्पना मर्यादित प्रमाणावर तपासून पाहण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये स्वतंत्र चौकट आखली. कायद्याच्या कलम १७ नुसार सरकार नवउद्योगांना काही कर्तव्यांतून सूट देऊ शकते. गळतीची सूचना देण्याचे कर्तव्य मात्र त्यात नाही आणि ते नसणेच योग्य. सूट मौनासाठी नको, शिकण्यासाठी हवी. नुसत्या सक्तीने काय होते, हे २०२२ मध्ये दिसले. ग्राहकांचा तपशील ५ वर्षे जपण्याच्या अटीवर नाराज होऊन काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हरच हलवले.

आणि सरकारचे स्वतःचे काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये येथील एम्स रुग्णालयाचे ५ सर्व्हर खंडणीखोरांनी बंद पाडले. गावाकडून आलेल्या नातलगाला घेऊन तेथील बाह्यरुग्ण विभागात उभे राहिलेल्यांना त्या दिवसांतले हातांनी लिहिलेले कागद आठवत असतील. जाळ्याची विभागणी नीट नसल्याने हे घडले, अशी कबुली सरकारने राज्यसभेत दिली. ही कबुली स्वागतार्हच होती. पण वर्षभरातच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सर्ट-इनला माहितीच्या अधिकारातून बऱ्याच अंशी वगळण्यात आले आणि नव्या कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला. कंपन्यांनी ६ तासांत मूठ उघडावी आणि शासनाने आपली मिटून ठेवावी, हा न्याय फार काळ पटणारा नाही.

मार्ग अवघड नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये माहिती आयुक्त कार्यालय आणि राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र यांच्यात समझोता झाला. सुरक्षा केंद्राशी वेळेत सहकार्य करणाऱ्या संस्थांच्या दंडात कपात करण्याचा विचार त्यात आहे. आपल्या संरक्षण मंडळानेही पहिल्याच वर्षी अशा सवलतीचे प्रमाण जाहीर करावे. चार कार्यालयांऐवजी एकच नमुना आणि एकच खिडकी ठेवावी. तिसरी गोष्ट, दोष शोधून सद्हेतूने कळवणाऱ्या तरुण संशोधकाला स्पष्ट कायदेशीर अभय द्यावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी प्रवेशाची जबाबदारी आहे, सद्हेतूचा अपवाद नाही. कुलूप सैल आहे असे सांगणाऱ्यालाच चोर ठरवले, तर पुढचा कोणी सांगणार नाही.

व्यापाऱ्याची पत म्हणजे तिजोरी कधीच न फुटणे, असा अर्थ पूर्वीही नव्हता. फुटल्यावर पेढीवर बसून ग्राहकाला तोंड दाखवणे, हा तिचा अर्थ होता. संरक्षण मंडळाने आपला पहिला निकाल कोणाविरुद्ध आणि कशासाठी दिला, यावर भारतीय कंपन्या तोंड दाखवायला शिकतील की लपवायला, हे ठरणार आहे. सांगणाऱ्यालाच पहिला फटका बसला, तर पुढची दहा वर्षे मुठी झाकलेल्याच राहतील.