सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम

सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम म्हणजे विज्ञान शाखेच्या पदवीच्या पहिल्या वर्षी हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेला पायाभूत अभ्यासक्रम होय. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांचे अस्तित्व ओळखणे, त्यांना इतरांपासून वेगळे करणे, वाढवणे आणि त्यांची गणना करणे या चार गोष्टींची ओळख त्यात करून दिली जाते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके ऊस, दूध आणि फळबागांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे येथील विद्यार्थ्यांना या विषयाची उदाहरणे घराजवळच आढळतात.

स्वरूप

बारावीपर्यंत सूक्ष्मजीवांची ओळख जीवशास्त्रातील काही प्रकरणांपुरती मर्यादित असते. स्वतंत्र विषय म्हणून त्याचा अभ्यास पदवीस्तरावर सुरू होतो. या भागातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. बारामती येथील तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे. हे महाविद्यालय स्वायत्त आहे. स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम स्वतःच्या अभ्यास मंडळांमार्फत ठरवतात, तर पदवी विद्यापीठाकडून दिली जाते. त्यामुळे घटकांचा क्रम व गुणांची विभागणी महाविद्यालयानुसार बदलू शकते. गाभा मात्र सर्वत्र सारखाच असतो. अभ्यासक्रमाचे सिद्धान्त व प्रात्यक्षिक असे दोन भाग असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अभ्यासक्रमाचा आरंभ सामान्यतः विषयाच्या इतिहासाने होतो. डच व्यापारी आन्तोनी व्हान लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाहिलेल्या सूक्ष्मजीवांचे वर्णन १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. लुई पाश्चर याने हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेल्या चंबूंचे प्रयोग करून, उकळलेल्या रसात सूक्ष्मजीव आपोआप निर्माण होत नाहीत, हे दाखवले. रॉबर्ट कॉख याने १८७६ साली काळपुळी (अँथ्रॅक्स) रोगाचा व १८८२ साली क्षयाचा जीवाणू रोगाशी निश्चितपणे जोडून दाखवला.

या इतिहासातील प्रत्येक टप्पा एखादी व्यावहारिक अडचण दूर करणारा आहे. कॉखच्या प्रयोगशाळेत घन माध्यमासाठी आधी जिलेटिन वापरत. परंतु ते ३७ अंश सेल्सियस तापमानाला वितळते आणि अनेक जीवाणू त्याचे विघटन करतात. फॅनी हेसे हिने स्वयंपाकात वापरला जाणारा, समुद्री शैवालापासून मिळणारा अगार सुचवला आणि ही अडचण सुटली. हान्स क्रिस्तियन ग्रॅम याची रंजनपद्धती १८८४ मध्ये, तर युलियुस पेट्री याची झाकणाची बशी १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राच्या संदर्भात वाल्देमार हाफकिन याचे कार्य महत्त्वाचे आहे. मुंबईत प्लेगची साथ चालू असताना त्याने तेथे प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

सूक्ष्मजीवांचे प्रकार

जीवाणू, आर्किया, कवके, शैवाले, आदिजीव व विषाणू हे प्रमुख गट अभ्यासले जातात. कार्ल वूझ व त्याच्या सहकाऱ्यांनी रायबोसोमातील आरएनएच्या तुलनेवरून १९७७ मध्ये आर्किया हा वेगळा गट असल्याचे मांडले. १९९० मध्ये त्यांनी सजीवसृष्टीचे तीन अधिक्षेत्रांत वर्गीकरण सुचवले. विषाणूंना पेशी नसते व जिवंत पेशीबाहेर त्यांची वाढ होत नाही, म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

सूक्ष्मजीव म्हणजे रोगजंतू हा समज दूर करणे हे या भागाचे एक उद्दिष्ट असते. बहुसंख्य सूक्ष्मजीव माणसाला रोग करत नाहीत. मृत पदार्थांचे विघटन, नत्राचे स्थिरीकरण आणि पचन यांसारख्या प्रक्रिया त्यांच्यावर अवलंबून असतात.

प्रात्यक्षिके

पहिली प्रात्यक्षिके सूक्ष्मदर्शकाच्या हाताळणीची असतात. शंभरपट वर्धनाची वस्तुभिंग व दहापट वर्धनाची नेत्रभिंग मिळून हजारपट वर्धन मिळते. त्यासाठी काचपट्टी व भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवावा लागतो.

यानंतर निर्जंतुकीकरण शिकवले जाते. पोषक माध्यमे ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेत सामान्यतः १२१ अंश सेल्सियसला १५ मिनिटे ठेवतात. सूक्ष्मजीव उचलण्याची तारेची कडी प्रत्येक वापराआधी व नंतर ज्योतीत लाल होईपर्यंत तापवतात.

संवर्धनाची कल्पना विरजणाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. दूध हे माध्यम, विरजण हे बीज आणि उबदार जागा हा उबवणी कक्ष होय. परंतु घरच्या विरजणात अनेक प्रकारचे सूक्ष्मजीव एकत्र असतात. प्रयोगशाळेत एकाच प्रकारचा, म्हणजे शुद्ध, संवर्ध लागतो. त्यासाठी अगारच्या पृष्ठभागावर कडीने रेघा ओढत नमुना क्रमाक्रमाने विरळ करतात. सुट्या पडलेल्या पेशीपासून वाढलेली वसाहत उचलून पुन्हा वाढवली जाते.

ग्रॅम रंजनात क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल व सॅफ्रानिन ही द्रव्ये क्रमाने वापरतात. जांभळा रंग टिकवणारे जीवाणू ग्रॅम-धन आणि गुलाबी दिसणारे ग्रॅम-ऋण म्हटले जातात. हा फरक पेशीभित्तिकेच्या रचनेमुळे पडतो. अल्कोहोल अधिक वेळ राहिल्यास ग्रॅम-धन जीवाणूही गुलाबी दिसू शकतात. म्हणून या पायरीवर विशेष भर दिला जातो.

परिसरातील उदाहरणे

दूध : मेथिलिन ब्ल्यू चाचणीत दुधात निळा रंग घालून नमुना ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरतात तसा रंग नाहीसा होतो. रंग जितका लवकर जाईल, तितकी दुधाची प्रत कमी समजतात. दूध ६३ अंशांना ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवून पाश्चरीकरण करतात. त्याने रोगकारक जीवाणू मरतात, मात्र दूध पूर्ण निर्जंतुक होत नाही.

ऊस : माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांमुळे हा विषय परिचित आहे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिल्यास ल्युकोनोस्टॉक हा जीवाणू त्यातील साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतो. त्यामुळे साखर घटते व रस गाळणे अवघड होते. याउलट, मळीपासून अल्कोहोल मिळवताना किण्वाचा हेतुपूर्वक उपयोग केला जातो.

माती व फळबागा : कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम हवेतील नत्र स्थिर करतो. डाळिंबावरील तेल्या रोग झँथोमोनास या जीवाणूमुळे होतो. रोगट फळातून जीवाणू वेगळा करणे, निरोगी झाडात त्याच रोगाची लक्षणे निर्माण करणे आणि तेथून तो पुन्हा मिळवणे या क्रमाने कॉखचे निकष समजावता येतात. कुष्ठरोगाचा जीवाणू कृत्रिम माध्यमावर वाढत नसल्याने या निकषांच्या मर्यादाही लक्षात येतात.

पाणी : उजनी धरणाचा जलाशय इंदापूर तालुक्यात पसरलेला आहे. नदी, कालवा किंवा विहिरीच्या पाण्यात कोलिफॉर्म जीवाणू शोधण्यासाठी लॅक्टोजयुक्त माध्यमाच्या नळ्या वापरतात. त्यातील उलट्या छोट्या नळीत वायू साठल्यास कोलिफॉर्म असण्याची शक्यता दिसते. निष्कर्षासाठी पुढील चाचण्या कराव्या लागतात. पाणी स्वच्छ दिसणे ही ते पिण्यायोग्य असल्याची खूण नव्हे, हे या प्रात्यक्षिकातून समजते.

परिभाषा

पदवीस्तरावर विज्ञानाची पाठ्यपुस्तके प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसमोर संकल्पना व परिभाषा अशी दुहेरी अडचण असते. निर्जंतुकीकरणात सर्व सूक्ष्मजीव व त्यांचे बीजाणू नष्ट होतात, तर जंतुनाशकाने बीजाणू नष्ट होतीलच असे नाही. बोलीभाषेत दोन्हींसाठी ‘जंतू मारणे’ असाच प्रयोग होतो. त्याचप्रमाणे जीवाणू व विषाणू यांतील भेद स्पष्ट नसल्यास, प्रतिजैविके विषाणूजन्य सर्दीवर का निरुपयोगी ठरतात, हे समजत नाही.

पुढील अभ्यास

या पायावर पुढील वर्षांत सूक्ष्मजीवांचे शरीरक्रियाशास्त्र, अनुवंशशास्त्र, प्रतिक्षमताशास्त्र तसेच वैद्यकीय, औद्योगिक व कृषी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले जाते. दुग्धप्रक्रिया, आसवनी, जैविक खते, अन्नतपासणी व रोगनिदान प्रयोगशाळा या क्षेत्रांत या ज्ञानाचा उपयोग होतो.