रेंज इली काय गो?

११ नोव्हेंबर २००९. फयान वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं आणि दुपारी अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढलं. संध्याकाळी इकडे मालवणात वारा जरा पडला होता, पण माझ्या भावाच्या ट्रॉलरची खबर नव्हती. अंगणात माडाची झापं पडलेली, लाइट गेलेली, आणि वहिनी दर पाच मिनिटांनी मला विचारायची, "रेंज इली काय गो?"

आपल्या फोनची नव्हे, दादाच्या फोनची! फोन लावला की बाई तेच ते वाक्य ऐकवायची, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. शेवटी वहिनीने फोन लावणं सोडलं. तिने एक मेसेज टाकला, 'खंय आसास?' आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसली. तिच्या साध्या मोबाइलमध्ये डिलिव्हरी रिपोर्टची सोय होती. समोरच्याला मेसेज पोचला की 'टिंग' व्हायचं. दादाने उत्तर दिलं नाही तरी चालेल, तेवढं 'टिंग' पुरे.

पुढे माझ्या भाच्याने, तो इंजिनीअरिंगला होता, मला यामागचं गणित समजावलं. प्रत्येक सिमची एक माहेरची वही असते म्हणे. नाव, नंबर कायमचा तिथे. फोन दुसऱ्या भागात गेला की तिथल्या पाहुण्यांच्या वहीत नोंद होते आणि ती वही माहेरी कळवते, तुमची लेक सध्या आमच्याकडे आहे. कुणी फोन केला की आधी माहेरी चौकशी, मग लेक असेल तिथे घंटी. मेसेजचं अजून बरं. लेक सापडलीच नाही तर तो मधल्या केंद्रात ठरावीक मुदतीपर्यंत थांबतो आणि ती दिसली रे दिसली की हातात पडतो. मला हे भलतंच पटलं. सासर-माहेर केल्याशिवाय आपल्याला इंजिनीअरिंग कळत नाही, त्याला काय करणार?

मग समुद्रात रेंज का जाते? एक तर पृथ्वी गोल. चाळीस मीटर उंचीच्या टॉवरला समुद्रावर साधारण बावीस-तेवीस किलोमीटरपर्यंतच थेट 'दिसतं'. टॉवर डोंगरावर असला तर जास्त. पण जुन्या टू-जी फोनला आणखी एक कुंपण होतं. एका लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला क्षणाचा बारीकसा तुकडा. लांबच्या फोनचा आवाज उशिरा पोचतो आणि दुसऱ्याच्या पाळीत घुसतो, म्हणून टॉवर त्याला सांगतो, 'तू जरा आधी बोलायला लाग'. हे 'आधी' किती, त्याच्या ६३ पायऱ्या, एकेक सुमारे साडेपाचशे मीटरची. म्हणजे ३५ किलोमीटर झाले की संपलं. त्यापलीकडे सिग्नल कितीही छान येवो, टॉवर घेणार नाही! फोर-जीत हे कुंपण १०० किलोमीटरपर्यंत सरकवता येतं, पण त्या फोनची ताकद साधारण एक पंचमांश वॉट. जुन्या फोनची दोन वॉटपर्यंत असे.

जमिनीवरच्या तऱ्हा वेगळ्या. आमच्या चिऱ्याच्या जाड भिंतीत लहरी अडतात, पावसात भिजलेले माड त्या पितात. म्हणून वहिनीची फोनची जागा ठरलेली, विहिरीच्या काठावर. गणपतीत तर विचारू नका. वाडीवाडीत चाकरमानी उतरले की टॉवरच्या सगळ्या पाळ्या भरतात आणि फोन 'बिझी'. त्यात गंमत अशी की टेलिफोनच्या नकाशात गोवा आणि आम्ही एका सर्कलमध्ये, मुंबई मात्र वेगळी. तेव्हा सावंतवाडीहून पणजीला गेलं तरी रोमिंग नसायचं, पण मुंबईचा भावोजी स्वतःच्या घरी आला की त्याला रोमिंग! तो फोन उचलायचाच नाही, मिस्ड कॉल द्यायचा.

हां, तर ती रात्र. साडेनऊच्या सुमाराला वहिनीच्या मांडीवर 'टिंग' झालं. तिने स्क्रीन माझ्यासमोर धरली. "मेसेज पोचलो गो! पोचलो!" आणि मग इतका वेळ न रडलेली ती बाई ढसाढसा रडली. दहा मिनिटांनी दादाचाच फोन. "देवगडाक इलंव. बरे आसंव." बोट देवगडच्या बंदरात आसऱ्याला शिरली, तिथल्या टॉवरने त्याच्या फोनची नोंद घेतली, माहेरी कळवलं, आणि अडून राहिलेला वहिनीचा मेसेज मालवणऐवजी देवगडला जाऊन पोचला. त्या वादळात कोकणातल्या सगळ्याच घरांत असं 'टिंग' झालं नाही. त्यातली काही घरं आमच्या ओळखीची आहेत.

मे २०२१च्या तौक्तेत उलटं झालं. बोटी किनाऱ्याला होत्या, पण वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. मुंबईच्या पोरीला 'आम्ही ठीक आहोत' कळवता येईना. ऑगस्ट २०२४मध्ये पालघरला मच्छीमार नौकांसाठी उपग्रहावरून चालणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली. त्याला टॉवर लागत नाही, संदेश दोन्ही बाजूंनी जातो.

वहिनी हल्ली व्हॉट्सअॅप वापरते. आता भाच्याची बोट... हो, इंजिनीअरिंग करून तोही समुद्रावरच गेला. तो बाहेर असला की मेसेजसमोरची दुसरी टिक उमटेपर्यंत ती आजही विहिरीच्या काठावर बसते. निळी नाही झाली तरी चालते तिला.