लेखकाचा मोबदला आणि भिडेचे मोल

सुतार दाराचे काम घेतो तेव्हा लाकूड कुणी आणावयाचे, मजुरी किती आणि विसार किती, हे ठरल्यावाचून रंध्याला हात लावीत नाही. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. लेखकाने मात्र तेच विचारले की लोक त्याला धनलोभी म्हणतात. ‘मानधनाचे मागाहून पाहू’ एवढ्या आश्वासनावर तो लिहावयास बसतो. मान मिळाला की धनाचा तगादा करू नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु ज्याची चूल लेखणीवर पेटते त्याच्या दृष्टीने तो मोबदलाच होय. आणि मोबदला कामाआधी ठरवावयाचा असतो.

काय काय ठरवावे? रक्कम ही पहिली बाब. तिच्याइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे पैसे केव्हा मिळावयाचे ती. ‘छापून आल्यावर’ असे ठरले तर लेखकाचे पैसे संपादकाच्या सवडीवर टांगून राहतात. अंकच रद्द झाला तर सारेच बुडते. ‘मजकूर स्वीकारल्यापासून ३० दिवसांत’ असे ठरले तर दिवस मोजता येतात. मोठ्या कामास काही रक्कम विसार म्हणून आधी घ्यावी. फेरलेखन किती वेळा, आणि काम मध्येच थांबविल्यास झालेल्या कामाचे किती, हेही लिहून ठेवावे.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून न लिहिलेल्या लेखनाचा हक्क सामान्यतः लेखकाचाच असतो. तो दुसऱ्याच्या नावे करावयाचा तर सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश नसेल तर भारत, असे कायदा धरून चालतो. रुपयांचा आकडा मात्र तो आपल्यासाठी लिहून ठेवीत नाही. तो आपणच ठरवून लिहावयाचा.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचाही आधार आहे. सूक्ष्म किंवा लघु सेवाव्यवसाय म्हणून आधीच नोंदणी केली असेल, तर कराराने मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

कुणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर काम हातचे जाईल. क्वचित जाईलही. पण पाच ओळींच्या सौम्य पत्राला जो नकार देतो, तो पुढे पैसे चोख देईल असे कसे मानावे? शिवाय पगाराची नोकरी असलेला हौशी लेखक भिडेपोटी फुकट लिहितो, तेव्हा केवळ लेखणीवर जगणाऱ्याचाही भाव तो उतरवीत असतो. भीड भिकेची बहीण, असे आपले जुने लोक सांगत आले. लेखकाच्या बाबतीत ती दुसऱ्याच्याही दारात जाऊन बसते.