जुन्या गाडीचा टप: रंगवायचा की बदलायचा?

(अहिल्यानगर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्याच्या बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

जुन्या गाड्यांवर बोलायचं तर नगरकरांना फार प्रस्तावना लागत नाही. 1994 पासून आपल्या गावात रणगाडा संग्रहालय आहे आणि तिथली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. आज मात्र विषय घरातल्या गाडीचा. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, फार तर एखादी कॉन्टेसा. आणि तिचाही फक्त टप.

पत्र्याच्या टपावर रेक्झीन चिकटवलेलं असतं ना, ज्याला व्हिनाइल टप म्हणतात, त्याबद्दल मी बोलतोय. ते भुरकट पडलं, त्याला चिरा गेल्या, की मालक विचारतो, ‘रंग मारू की नवीन टाकू?’ माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: हा प्रश्न रंगाचा नाहीच, खालच्या पत्र्याचा आहे.

ही फॅशन आली कुठून? पूर्वीच्या घोडागाडीला कापडाचं, दुमडता येणारं छत असायचं. पुढे मोटारींनाही तसंच आलं. ते ऐटीचं लक्षण. मग पत्र्याचा पक्का टप असलेल्या गाडीलाही तोच थाट हवासा वाटू लागला. अमेरिकेत 1962 च्या फोर्ड थंडरबर्ड लँडोवर असं व्हिनाइल होतं, आणि त्यानंतर ही टूम जोरात चालली. आपल्याकडे हौशी मालकांनी कुशनवाल्याकडून गाडीवर रेक्झीन चढवून घेतलं. थोडक्यात, हे छत नव्हे, छताचं सोंग. पाणी अडवण्याचं काम पत्राच करतो.

आता हे रेक्झीन म्हणजे काय? खाली कापड, वर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याच्या पाइपसारखं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. ऊन लागलं की हे द्रव्य हळूहळू बाहेर पडतं, रेक्झीन आकसतं, कडक होतं आणि शिवणीपाशी फाटतं. एकदा गेलेला मऊपणा कुठलाही रंग परत आणत नाही, हे लक्षात ठेवा.

आपला जिल्हा या बाबतीत मोठा मासलेवाईक आहे. पाथर्डी, जामखेडकडे पाऊस कमी आणि ऊन रणरणतं. तिथे टप वरून मरतो: रंग उडतो, चिरा पडतात. अकोल्यात घाटघर, रतनवाडीकडे जा, पाऊस धो धो कोसळतो. तिथे टप खालून मरतो. वरून चांगला काळाभोर दिसतो आणि आत पत्रा सडत असतो. कारण चिरेतून किंवा काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही. कापड ते धरून ठेवतं.

हे मी अनुभवाने शिकलो. आमच्या घरच्या फियाटचा टप मी तीनदा रंगवून घेतला. दर वेळी गाडी नवी दिसायची, मी खूष. चौथ्या वेळी कारागीर म्हणाला, ‘साहेब, आधी एक कोपरा उचलून बघू.’ उचलला, तर स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला. (हशा) हसताय तुम्ही, पण वडिलांची गाडी होती ती. तीन वेळा मी पैसे देऊन गंज झाकला होता.

म्हणून आधी तपासणी. उन्हातून आलेली गाडी सावलीत घ्या, निवू द्या आणि बोटांनी सगळा टप चाचपा. रेक्झीनखाली बारीक खडे लागल्यासारखे वाटले, तर तो बहुधा गंज आहे. फुगे कुठे आहेत ते खडूने खुणवा. मागच्या काचेची खालची कड आणि क्रोमच्या पट्टीच्या क्लिपांची भोकं जरूर बघा. पाणी तिथूनच शिरतं. आतलं छताचं कापड डागाळलंय का, तेही बघा.

पत्रा शाबूत, रेक्झीन मऊ, फक्त रंग गेलाय, असं असेल तर खुशाल रंगवा. साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा. आजवर चकाकीसाठी जे पॉलिश फासलं असेल ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नाहीतर रंग धरणार नाही. रंग व्हिनाइलसाठीचाच घ्या. गाडीचा साधा रंग वाळून कडक होतो आणि खालचं रेक्झीन हललं की तडकतो. बुटाचं पॉलिश तर नकोच, पहिल्या पावसात ते दारावर ओघळतं. सकाळी लवकर, सावलीत, पातळ तीन-चार हात द्या. जाड हात दिला तर रेक्झीनची नक्षी बुजते. गडद रंग करणं सोपं. काळ्याचं पांढरं करणं मात्र जिकिरीचं.

चिरा आरपार असतील, फुगे असतील, तर बदलण्याला पर्याय नाही. पट्ट्या, काचा, रबरं काढायची. जुनं रेक्झीन फेकू नका, तोच तुमचा नमुना. पत्रा गंज जाईपर्यंत घासायचा. जिथे भोक पडलंय तिथे तुकडा वेल्ड करून घ्या. नुसती लांबी भरून काम उरकू देऊ नका. मग प्रायमर, त्यावर रंग. हो, झाकला जाणार असला तरी रंग हवाच. खरं संरक्षण तेच.

रेक्झीन घेताना सोफ्याचं घेऊ नका, बाहेरच्या उन्हासाठीचं मागा. त्याचा पन्हा साधारण 54 इंच असतो, त्यामुळे रुंद टपाला दोन शिवणींनी तीन पट्टे जोडतात. टपाची मध्यरेषा आखून घ्या. सोल्युशन दोन्हीकडे लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मधून कडेकडे दाबत न्या. कडा पन्हळीत नीट बसल्या पाहिजेत.

आणि कागदपत्रं. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो, म्हणून रंगसंगती बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या. जुलै 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हीए’ नोंदणी आणली. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. तेव्हा कामाआधीचे आणि कामाचे फोटो जपून ठेवा.

प्रश्न: रेक्झीन काढून नुसता पत्रा रंगवला तर चालेल?

उत्तर: कारखान्यातून गाडी तशीच आली असेल तर उत्तम. मात्र पट्ट्यांसाठी पाडलेली भोकं वेल्ड करून बुजवावी लागतील.

प्रश्न: गाडीवर कव्हर घातलं की काम भागतं ना?

उत्तर: उन्हापुरतं भागतं. पण ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, दमट हवा आत कोंडते. शेड असेल तर सर्वांत चांगलं. आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, टपावरून हात फिरवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळतं.